दुसरी जागा

लोव्हायना मेट्झगरला खोटं बोलता येत नाही असं तिच्या माणसांत म्हणत. तिला स्वतःला हे कौतुक कधी फारसं पटलं नव्हतं. तिच्या मते तिला बोलताच कमी येत होतं आणि लोक त्यालाच खरेपणा समजत होते.

ऑन्टॅरिओतल्या क्रेगल टाउनशिपमध्ये, खडीच्या दोन रस्त्यांच्या नाक्यावर, तिची शंभर एकर जमीन होती. नवरा उरायस चार वर्षांपूर्वी गेला तेव्हा ती तिच्या नावावर आली. पाच मुलांपैकी चार आपापल्या संसाराला लागली होती. धाकटा अर्विन घरचं दूध, मका आणि घोडे बघत होता, आणि येत्या वर्षभरात सलोमी वेबरशी त्याचं लग्न होईल हे त्यांच्या चर्चच्या सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. फक्त दोघांनी अजून तोंडाने सांगितलं नव्हतं.

मुलगा लग्न करून शेत हाती घेतो तेव्हा आई मागच्या बाजूला जोडलेल्या छोट्या घरात जाते, ही त्यांच्यातली रीत. मेनोनाइटांच्या, म्हणजे मोटार सोडून घोडागाडीवर राहणाऱ्या त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या, प्रत्येक घराला असं एक शेपूट असतं. मधे एक दार, आणि त्या दाराला कडी नसते. लोव्हायनाने त्या दाराच्या अलीकडे राहून चौदा वर्षं सासूचं केलं होतं. सासू वाईट नव्हती. पण कणीक भिजवताना, पोराला दटावताना, नवऱ्याशी दोन शब्द बोलताना ते दार कधी उघडेल याचा नेम नसे. तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट होती. आपण म्हातारं व्हायचं तेव्हा सफरचंदांच्या झाडांमध्ये, रस्त्याच्या कडेला, दोन खोल्यांचं सुटं घर बांधायचं. सुनेचं दार सुनेचं, आपलं आपलं. हे तिने एकदा उरायसला सांगितलं होतं. तो हसला होता आणि मग "बघू" म्हणाला होता. त्याचं "बघू" म्हणजे अर्धा होकार असे. दुसऱ्या कुणाला तिने हे कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटत नव्हतं.

मंडळीची शाळा तिथून तीन मैलांवर, मोठ्या डांबरी रस्त्याला लागून होती. एकच खोली, आठ इयत्ता, एक बाई. लोव्हायनाने लग्नाआधी तिथे शिकवलं होतं. आता त्या रस्त्यावरून खडीचे ट्रक जात, आणि त्यांच्या वाऱ्याने चालणाऱ्या पोरांच्या टोप्या उडून खंदकात पडत. रस्ता रुंद करायचा तर शाळेच्या पायरीपर्यंत येणार होता. तेव्हा शाळेच्या पंचांनी नवी जागा शोधायला घेतली.

पंचांमध्ये पुढाकार अ‍ॅम्सी फ्रायचा. हा घोड्यांची खोगिरं आणि साज शिवायचा. हात जितके चालत तितकीच जीभ. तो लोव्हायनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि अ‍ॅपल पायचा दुसरा तुकडा संपवून म्हणाला,

"नाक्यावरचा तो खडकाळ कोपरा. तिथे तुझ्या मक्यालाही शिकायची इच्छा नाही. पोरांना दे."

"घ्या," ती म्हणाली. विचारही केला नाही. दीड एकराचा कोपरा. नांगराचे फाळ मोडण्यापलीकडे त्याने आजवर काही केलं नव्हतं.

पण जमिनीचा पोटहिस्सा पाडायचा म्हणजे टाउनशिपची, तिथल्या ग्रामपंचायतीची, परवानगी हवी, आणि चांगल्या शेतजमिनीचे तुकडे पाडायला टाउनशिप सहजी हो म्हणत नाही. घोडागाडीने जाणाऱ्या लोकांच्या छोट्या शाळांना तेवढी सवलत होती, तीही दोन अटींवर. शेजारच्या जनावरांच्या गोठ्यापासून शाळा ठरावीक अंतरावर हवी, आणि ते अंतर कमी पडत असेल तर त्याच शेतावर दुसरी बरी जागा नाही असं असायला हवं.

टाउनशिपच्या कचेरीतला ट्रेव्हर नावाचा तरुण नकाशा घेऊन आला. रस्त्यापलीकडे ग्लेन मॅकेगची डुकरांची शेड होती. ट्रेव्हरने तिच्याभोवती एक मोठं वर्तुळ काढलं होतं, आणि नाक्यावरचा कोपरा त्यात चांगला आत आला होता.

"हा भाग वर्तुळाबाहेर आहे," त्याने बोट ठेवलं. "सफरचंदाची झाडं आहेत तो. तुमचा स्वतःचा गोठा लहान आहे, त्याचीही अडचण नाही. नांगराखालची जमीनही जात नाही. हा का नको?"

अ‍ॅम्सीने लोव्हायनाकडे पाहिलं.

"ती जागा नाही देता यायची," ती म्हणाली.

विधवा बाईने असं म्हटल्यावर कुणी का म्हणून विचारलं नाही. झाडं उरायसने लावलेली होती, म्हणून असेल असं अ‍ॅम्सीने मनाशी धरलं. अर्ज करताना त्याने सांगितलं, दुसरी जागा नाही. लोव्हायनाने सही केली.

टाउनशिपच्या समितीपुढे ग्लेन मॅकेगने उभं राहून हरकत घेतली, आणि अर्ज नामंजूर झाला.

आता उरलं अपील. प्रांताचा एक जमीन लवाद होता, तो अशा नकारांची फेरतपासणी करी. मुदत थोडी होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण गमतीने म्हणतो. लोव्हायनाच्या माणसांत तो धर्मच होता. कुणी बांध कोरला, घोडा फसवून विकला, तरी फिर्याद करायची नाही, सोसायचं. शिवाय शपथही घ्यायची नाही, कारण माणसाचा हो हा हो असतो, त्याला वर टेकू कशाला.

डीकन एनॉख होर्स्ट आला तो टोपी हातात धरूनच. मंडळीची शिस्त बघणं हे त्याचं काम, आणि ते त्याला आवडत नसे.

"हे भांडण होईल का, ते मला कळत नाही," तो म्हणाला. "रात्रंदिवस तोच विचार करतोय."

"कुणाशी भांडण?" अ‍ॅम्सी म्हणाला. "आपण सरकारलाच विचारणार की तुझ्या माणसांनी बरोबर केलं का. विचारणं म्हणजे भांडण का? मी रोज बायकोला विचारतो, जेवण झालं का. ती भांडण समजते, तो भाग वेगळा."

एनॉख हसला नाही. "वकील करायचा नाही. कुणाला उलटं विचारायचं नाही. कुणाचं वाईट बोलायचं नाही. विचारतील तेवढं सांगायचं आणि काय म्हणतील ते घ्यायचं. एवढं जमत असेल तर जा. पण जमीन तिची आहे. बोलावं तिलाच लागेल."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. लोव्हायना कधी पुरुषांच्या सभेत बोलली नव्हती. मीटिंगहाउसमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या घरात, बायका बायकांच्या बाजूला बसत आणि फक्त गाताना त्यांचा आवाज पलीकडे जाई.

"आधी ग्लेनला भेटून येते," ती म्हणाली.

ग्लेन मॅकेग ट्रॅक्टरखाली आडवा पडला होता. उरायसला शेवटी दवाखान्यात न्यायचं तर बग्गीने कसं जाणार. दर वेळी ग्लेननेच आपल्या गाडीतून नेलं होतं, आणि पेट्रोलचे पैसे देऊ केले तर तो चिडायचा.

"लोव्हायना, मला माहितीये तू कशाला आलीस," तो खालूनच म्हणाला.

"मग बाहेर ये."

तो हात पुसत बाहेर आला. "टाराला शेड दुप्पट करायचीये. पोरगी कॉलेज शिकून डुकरं पाळायला परत आली. आजकाल कोण येतं? समोर शाळा झाली की तिला एक वीटही वाढवता येणार नाही. तुझ्या नातवंडांसाठी मी माझ्या पोरीला नाही म्हणू का, सांग."

"नको म्हणूस."

"मग अपील करणार नाहीस?"

"करणार."

"म्हणजे माझ्याविरुद्ध."

"कागदावर टाउनशिपविरुद्ध आहे."

"टाउनशिपच्या खुर्चीत माझीच डुकरं बसलीयेत," तो म्हणाला, आणि दोघांनाही थोडं हसू आलं. मग त्याने विचारलं, "सुनावणीला जाणार कशी? बग्गीने अर्धा दिवस जाईल तुझा."

"निघू लवकर."

"काहीतरीच. मला जायचंच आहे. मी नेतो."

म्हणून सुनावणीच्या दिवशी वादी, वादीचा पंच आणि हरकतदार एकाच गाडीतून गेले. पुढे लोव्हायना, काळं टोपरं हनुवटीखाली बांधून. मागे अ‍ॅम्सी, मांडीवर डब्यात सॉसेज आणि पाव. वाटेत ग्लेन मक्याच्या भावाबद्दल बोलला. अ‍ॅम्सीनेही त्यात भर घातली. मुद्द्याचं कुणी काढलं नाही.

टाउनशिपच्या सभागृहात टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडली होती. मधे लवादाच्या बाई बसल्या होत्या, पिकल्या केसांच्या, पुढे पाण्याची बाटली. एका बाजूला ट्रेव्हर आणि टाउनशिपचा वकील, किर्बी नावाचा. दुसऱ्या बाजूला लोव्हायना एकटी, कारण अर्जदार तीच. अ‍ॅम्सीला मागच्या खुर्च्यांवर बसावं लागलं.

ट्रेव्हरने नकाशा दाखवून वर्तुळ समजावलं. लवादाच्या बाईंनी लोव्हायनाला विचारलं, "तुम्हाला यांना काही प्रश्न विचारायचेत?"

"नाही. ते म्हणाले ते बरोबर आहे."

"त्यांचं म्हणणं तुमच्याविरुद्ध आहे, हे लक्षात आहे ना?"

"हो. पण मोजलंय बरोबर."

मग ग्लेन उठला. टाराचं, शेडचं, सगळं सांगितलं, आणि शेवटी न विचारता म्हणाला की मेट्झगर मंडळी त्याला मिळालेले सगळ्यात चांगले शेजारी आहेत. बाईंनी तेही लिहून घेतलं.

लोव्हायनाची पाळी आली. शपथेऐवजी तिने नुसतं सांगितलं की मी खरं बोलेन. हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर तिला चमत्कारिक वाटलं. आपण खरं बोलणार हे तिने आजवर कधी आधी जाहीर केलं नव्हतं. मग आजवर जे बोललो ते काय होतं?

शाळा का हवी, ते तिने सांगितलं. ट्रकांचं, टोप्यांचं, एका खोलीत कोंबलेल्या पोरांचं. आवाज आधी लागेना. मग तिने समोर पोरंच बसलीयेत असं समजून सांगितलं, तेव्हा तो मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला.

किर्बी उठला. पन्नाशीचा, थकलेला, सौम्य माणूस होता. तिला अडवून काही मिळवण्यात त्याला आनंद दिसत नव्हता.

"मेट्झगरबाई. एकच विचारतो. नकाशावर ही सफरचंदाची झाडं आहेत. ही जागा अंतराच्या नियमात बसते. शाळेसाठी ही चालणार नाही, असं काही कारण आहे का? ओल आहे, उतार आहे, पाणी नाही?"

मागे अ‍ॅम्सीची खुर्ची करकरली. लोव्हायनाने हात मांडीवर ठेवले.

उत्तर द्यायला सोपं होतं. ती जागा नाही देता यायची, एवढं म्हणून ती एकदा सुटली होती, आजही कदाचित सुटली असती. खोटंही नव्हतं ते. पण ती स्वयंपाकघरात ते बोलली तेव्हाही शपथ नव्हती आणि आजही नव्हती. दोन्हीकडे शब्दाचं वजन तेच, असं तर तिची माणसं जगाला सांगत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "जागा चांगली आहे. कोपऱ्यापेक्षा चांगली. विहीरही जवळ आहे."

किर्बीने अर्ज पुढे ओढला. "मग अर्जात दुसरी जागा नाही असं का म्हटलं?"

"पंचांना ठाऊक नव्हतं. त्यांची चूक नाही. मला ती माझ्यासाठी हवी होती."

"शेतीसाठी?"

"घरासाठी. मी एकटीने राहायला."

जे तिने पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं, ते सभागृहात एवढ्या माणसांसमोर सांगितलं. लवादाच्या बाईंनी पेन खाली ठेवलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा उचललं.

"आणखी काही सांगायचंय, मेट्झगरबाई?"

"नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत मक्याचे भावही संपले होते. ग्लेनने वाटेत एका दुकानाशी गाडी थांबवली आणि सगळ्यांसाठी कॉफी आणि डोनटांचं खोकं आणलं. अ‍ॅम्सीने रागाने दोन डोनट खाल्ले, तिसराही उचलला.

"सांगायचं होतंस, लोव्हायना," तो शेवटी म्हणाला. "आम्ही विचारलं नाही हे खरं."

"विचारलं असतंत तरी सांगितलं नसतं."

"एकटीने राहायचं म्हणजे काय पण? अर्विनने काही केलं का? सलोमी तर गरीब गाय आहे."

"कुणी काही केलं नाही."

"मग?"

काचेतून बाहेर बघत ती म्हणाली, "तुला दुकानात कुणी नसताना शिवायला बरं वाटतं की नाही?"

अ‍ॅम्सीने विचार केला. "वाटतं," तो म्हणाला. "पण ते मी बायकोला सांगत नाही."

ग्लेन एवढा जोरात हसला की त्याला गाडी हळू करावी लागली.

निकाल काही आठवड्यांनी टपालाने आला. अपील फेटाळलं होतं. जमीनमालकिणीने स्वतःच सांगितल्याप्रमाणे त्याच शेतावर बरी जागा आहे, तेव्हा टाउनशिपचा नकार योग्य ठरतो, असा त्याचा मथितार्थ. मात्र शाळेची गरज खरी आहे, हेही त्यात स्पष्ट म्हटलं होतं. लोव्हायनाने तो दोनदा वाचला. कुठे तिला बोल लावला नव्हता, याचं तिला जरा आश्चर्य वाटलं. तिच्या माणसांनी तेवढी दया दाखवली नाही. रविवारी मीटिंगहाउसच्या अंगणात बायका तिला तब्येत विचारत आणि पटकन दुसरा विषय काढत. सुटं घर हवंय म्हणे, ही बातमी शाळेपेक्षा लवकर पसरली होती.

सगळ्यात लागलं ते अर्विनला. गोठ्यात दूध काढताना तो गायीच्या पोटाला डोकं टेकून, तिच्याकडे न बघता म्हणाला,

"आई, आमच्याजवळ नाही राहायचं तुला?"

"जवळच राहायचंय. आत नाही."

"लोक म्हणतात सलोमी आवडत नाही तुला."

"तुझी आजी मला आवडायची," लोव्हायना म्हणाली. "आणि तरी मी चौदा वर्षं तिच्या पावलांचा आवाज ऐकत स्वयंपाक केला. सलोमीने माझा ऐकू नये असं वाटतं. एवढंच आहे ते."

अर्विनने दुसरं आचळ धरलं. बादलीत धारांचा आवाज तेवढा चालू होता. मग तो म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"मीही तुझ्या बापाशिवाय कुणाला नाही सांगितलं."

तो हिवाळा तिने विचारात घालवला. कुणी तिला आग्रह केला नाही, आणि तेच जड गेलं. अ‍ॅम्सी येई, अ‍ॅपल पाय खाई, थट्टा करी, पण जागेचं नाव काढत नसे. एनॉखने तर एकदाच म्हटलं, "तू जे बोललीस ते बोलायला धीर लागतो. बाकी तुझं तू बघ." तिने मनाशी हिशेब लावून पाहिला. कोपरा दिला तेव्हा सगळ्यांनी तिला दानशूर म्हटलं होतं, आणि तिने काय दिलं होतं? दगड. आता जे मागितलं जात होतं ते खरंच तिचं होतं. द्यायचं तर एवढंच देण्यासारखं होतं, आणि द्यावंसं मुळीच वाटत नव्हतं. ते वाटेल म्हणून ती थांबून राहिली. बर्फ वितळेपर्यंत वाटलं नाही. शेवटी तिच्या लक्षात आलं की ते वाटण्याची वाट बघत बसलो तर पोरं मोठी होऊन शाळा सोडून जातील.

ती बग्गी जोडून अ‍ॅम्सीच्या दुकानात गेली.

"झाडांची जागा घ्या," ती म्हणाली. "मी आनंदाने देत नाहीये, हे तुला सांगून ठेवते."

अ‍ॅम्सीने दातातली सुई बाजूला काढली. "आनंदाचा रकाना अर्जात नाही," तो म्हणाला. "सही चालेल."

दुसऱ्या अर्जाला कुणी हरकत घेतली नाही. ट्रेव्हरने पुन्हा मोजलं, खुंट्या ठोकल्या. पाया खणायला ग्लेन स्वतः यंत्र घेऊन आला, आणि टाराने तिच्या शेडच्या परवानगीचा अर्ज त्याच महिन्यात टाकला. सहा झाडं पाडावी लागली. लोव्हायना त्या दिवशी थोरल्या लेकीकडे जाऊन राहिली.

अर्विनच्या लग्नानंतर ती जोडघरात राहायला गेली. पण सासूचं ते जुनं जोडघर नव्याने बांधताना अर्विनने न सांगता एक गोष्ट केली. मधल्या भिंतीत दार ठेवलंच नाही. आईकडे जायचं तर बाहेरून, ओट्याला वळसा घालून, पुढच्या दाराशी जाऊन ठोठावायचं. मंडळीत त्यावर बरीच चर्चा झाली. एनॉखला कुणीतरी विचारलं की हे रीतीत बसतं का. तो म्हणाला, रीतीत घर जोडलेलं असावं एवढंच आहे, आणि घर तर जोडलेलंच दिसतंय. सलोमीला मात्र हिवाळ्यात शाल पांघरून वळसा घालावा लागतो, आणि ती कधीकधी पुटपुटते. लोव्हायना ते भिंतीतून ऐकते.

सुटं घर काही झालं नाही. शाळेचा गलका दुपारी एवढा वाढतो की तिला खिडकी लावून घ्यावी लागते. पोरं पाण्याला येतात, पंपाशी भांडतात, बाई घंटा वाजवते तरी ऐकत नाहीत. काही दिवस तिला याचा राग येतो आणि ती तो लपवत नाही. काही दिवस येत नाही. शाळा सुटली, पोरं आपापल्या वाटांनी पांगली की ती बाहेर खुर्ची टाकून वाटाणे सोलायला बसते. त्या वेळी तिला कुणी हाक मारत नाही. सगळ्यांना आता ते ठाऊक झालं आहे.